समर्थ आले नाहीत तर?

नारायण धारपांचं सगळ्यांत चांगलं पुस्तक कोणतं, हा प्रश्न चार वाचकांसमोर टाकला की पाच उत्तरं येतात. एक जण 'लुचाई' म्हणतो. दुसरी 'शपथ' म्हणते. तिसरा उलट विचारतो, "समर्थ वाचलेस का? आधी ते वाच, मग बोलू." चौथ्याचं 'चेटकीण' असतं, पण बाकीच्यांचं ऐकता ऐकता तो 'ग्रहण'वर जातो.

आमच्याकडे नागपुरात या प्रश्नावर गेले काही महिने जे चाललंय त्याला भांडणच म्हणावं लागेल. आम्ही सहा-सात जण आहोत, बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमधले. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला भेटतो. पुस्तकांवर बोलायचं असं काही ठरलेलं नसतं. पण २०२५मध्ये धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, त्या निमित्ताने एकाने सहज हा प्रश्न टाकला. तेव्हापासून तर्री थंड होते, वाद होत नाही.

ज्यांनी धारप वाचलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९२५, निधन २००८. भयकथा आणि विज्ञानकथा, दोन्ही ढिगाने लिहिल्या. त्यांचे वाचक वाढले ते वाचनालयांतून. जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेलं, आणि शेवटच्या पानावर आधीच्या कुणीतरी पेनाने लिहिलेलं 'रात्री वाचू नये'. आता साकेत प्रकाशनाने नव्या मुखपृष्ठांसह पुस्तकं पुन्हा आणली आहेत. २०१८मध्ये 'ग्रहण'वरून झी मराठीवर मालिका आली, त्याच वर्षी 'तुंबाड' आला, आणि आमच्या वयाच्या पोरांनी धारपांचं नाव शोधायला सुरुवात केली. समीक्षकांनी या लेखकाला फारसं जवळ केलं नाही. वाचकांनी मात्र सोडलं नाही.

आमच्या भांडणात तीन पक्ष आहेत. पहिला समर्थांचा. दुसरा 'लुचाई' आणि 'शपथ'चा. तिसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की दुसऱ्या पक्षाला मतदानाचा हक्कच नाही, कारण ही दोन्ही पुस्तकं मुळात स्टीफन किंगची आहेत. 'लुचाई'च्या मागे १९७५ची 'सालेम्स लॉट' आहे आणि 'शपथ'च्या मागे १९८६ची 'इट'. आमच्यापैकी बहुतेकांना हे कळलं ते उलट्या वाटेने. २०१७मध्ये 'इट' सिनेमा थिएटरला लागला आणि पहिल्या अर्ध्या तासातच धारप वाचलेल्या पोरांच्या डोक्यात घंटा वाजली.

मी दुसऱ्या पक्षातली. पण एवढे रविवार भांडल्यावर मला वाटायला लागलंय की हा वाद 'कोणतं पुस्तक चांगलं' असा नाहीच. धारपांच्या जगात मध्यरात्री दार वाजलं तर मदतीला कोण येतं, याचा तो वाद आहे.

भुताचा हिशेब

आपल्याकडच्या पारंपरिक भुतांना काहीतरी हवं असतं. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंज्या होतो आणि पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेली ती हडळ होते. कुणाचं धन पुरलेलं असतं, कुणाची जमीन भावाने लाटलेली असते. प्रत्येक भुतामागे एक अर्धवट राहिलेली गोष्ट असते आणि तक्रार बहुधा खरी असते. म्हणून त्याच्यावर उपायही असतो. उतारा टाका, श्राद्ध घाला, राहिलेलं देणं देऊन टाका. हिशेब चुकता झाला की भूत जातं. भीती मोठी असते, पण व्यवहार ओळखीचा असतो.

धारपांनी हा व्यवहारच मोडला. त्यांच्याकडे अशी भुतंही आहेत, नाही असं नाही. पण धारप म्हटल्यावर जे खास धारपांचं म्हणून आठवतं ते मेलेल्या माणसाचं भूत नसतं. ते दुसरीकडून आलेलं काहीतरी असतं. त्यांच्या कथासंग्रहाचं नाव पाहा: 'अनोळखी दिशा'. इंजिनिअरिंगला गणित शिकलेल्या माणसाला या शब्दावर थांबावंच लागतं. पूर्व, पश्चिम, वर, खाली यांच्या पलीकडे आणखी एक दिशा आहे, ती आपल्याला दिसत नाही, आणि तिथून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्टच्या जगाशी धारपांचं नातं जुळतं ते इथे.

या 'कुणीतरी'ची काहीच तक्रार नसते. त्याचं कुणी काही घेतलेलं नाही, त्यामुळे परत देण्यासारखंही काही नाही. नारळ फोडून ते शांत होत नाही, कारण ते रागावलेलंच नाही. त्याला फक्त आत यायचंय.

आणि हे सगळं सांगायची भाषा किती साधी! नोकरी करणारी माणसं, नवं घर, बदलीचं गाव, बायको-मुलं, सकाळचा चहा. धारप वाक्य सजवत नाहीत. आधी हे झालं, मग ते झालं, मग मला जरा विचित्र वाटलं. आमच्या धंद्यात लॉग वाचतात तसं हे वाचावं लागतं. वेळेनुसार ओळी येत जातात, प्रत्येक ओळ स्वतःपुरती बिनधोक असते, आणि कुठल्यातरी एका ओळीनंतर लक्षात येतं की बिघाड मघाच सुरू झालेला होता.

मग प्रश्न उरतो. शत्रू असा असेल, आणि उतारा-श्राद्ध चालणार नसेल, तर या नोकरदार माणसाने करायचं काय?

पहिलं उत्तर: समर्थ

धारपांनी याचं उत्तर म्हणून समर्थ घडवले. साधनेतून आलेलं सामर्थ्य, वाईट शक्तींची पुरती ओळख, बोलण्यात शांतपणा. सोबत अप्पा जोशी. शेरलॉक होम्सला वॉटसन असतो तशी ही जोडी आहे. समोरच्याला काही कळत नसताना एकाला सगळं कळतं, आणि दुसऱ्याच्या नजरेतून ते आपल्याला दिसतं.

नावातच अर्धं काम झालेलं आहे. मराठी घरात 'समर्थ' म्हटलं की रामदास आठवतात. धारपांच्या एका पुस्तकाचं नाव 'समर्थाचिया सेवका' आहे. मनाचे श्लोक पाठ असलेल्या घरात त्या दोन शब्दांपुढचं कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे पुस्तक उघडण्याआधीच वाचकाला अभय मिळालेलं असतं.

पहिल्या पक्षाचं सगळ्यांत भक्कम म्हणणं मी आमच्या रविवारच्या टेबलावर ऐकलं नाही. ते घरी ऐकलं, आईकडून. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते. रात्रपाळी असली की आई क्वार्टरमध्ये एकटी असायची, सोबत कडेवरची मी. शेजारच्या काकू वाचनालयातून पुस्तकं आणायच्या, त्यातून तिच्याकडे समर्थ आले. मी तिला विचारलं, "एकटी असताना, रात्री, तू भुताची पुस्तकं वाचायचीस?"

ती म्हणाली, "भीती वाटावी म्हणून थोडीच वाचायची? भीती जावी म्हणून वाचायची. शेवटी समर्थ येतात हे ठाऊक असतं ना."

हे समीक्षेतलं वाक्य नाही, पण समर्थकथांवर याहून नेमकं वाक्य मला तरी सुचत नाही. बाहेरचा अंधार खरा आहे. दाराची कडी तीनदा तपासून झाली आहे. अशा वेळी तिला एक असं पुस्तक हवं होतं की ज्यात अंधार याहून दाट आहे आणि तरी सकाळ नक्की होते. भयकथा हे काम करते. नुसतं घाबरवणं सोपं आहे, घाबरवून घरी सुखरूप आणून सोडणं अवघड. समर्थांच्या कथा ते चोख करतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा वाचल्या जातात.

मग माझी अडचण काय? अडचण तीच, जी आईच्या मते गुण आहे. समर्थ येणार हे माहीत असतं. त्यामुळे 'ही माणसं वाचतील का' हा प्रश्नच पडत नाही, 'समर्थ कधी पोचतील' एवढाच पडतो. ऑफिसात रात्री दोन वाजता सिस्टिम पडते. आम्ही चार ज्युनिअर घामाघूम. मग एका सिनिअरला फोन जातो, त्याच्याकडे सगळे पासवर्ड, सगळे अधिकार. तो दहा मिनिटांत काहीतरी करतो आणि सगळं सुरळीत होतं. आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण काय बिघडलं होतं आणि काय केल्यावर सुधारलं, हे आपल्याला कळलेलं नसतं. पुढच्या वेळीही फोनच करावा लागणार असतो.

आमच्यातल्या एका मित्राचा आक्षेप याहून कडक आहे. तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असतो. जानेवारी २०२३मध्ये नागपुरात धीरेंद्र शास्त्रींचा कार्यक्रम झाला, श्याम मानव यांनी त्यांना आव्हान दिलं, आणि ते प्रकरण देशभर गाजलं, तेव्हापासून त्याला या विषयावर गप्प बसवत नाही. तो म्हणतो, "जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये झाला. त्यासाठी माणसं किती वर्षं झटली! आणि तुम्ही काय वाचता बे? कोणीतरी दिव्य पुरुष येते अन् सगळं निस्तरून जाते! पोट्ट्यांच्या डोक्यात हेच राहते नं मग."

त्याला उत्तर देणारे म्हणतात, कादंबरी ही कादंबरी आहे. दोनशे पानांपुरतं भूत मानणारा वाचक पुस्तक मिटल्यावर लाइट लावून पाणी पितो आणि झोपतो. 'समर्थ' वाचून कुणी बाबाकडे गेला असेल असं मलाही वाटत नाही. पण मित्राचं अर्धं म्हणणं मला सोडवत नाही. भुतावरचा विश्वास पुस्तकासोबत मिटतो, वाट पाहायची सवय मात्र मिटत नाही. ती बिनभुताच्या जगातही चालू राहते. कुणीतरी मोठं येईल आणि निस्तरेल, ही सवय आपल्या ऑफिसांत आहे, कॉलेजांत आहे, घराघरांत आहे. समर्थकथा ती सवय लावत नाहीत, पण तिला फार गोड करून वाढतात.

दुसरं उत्तर: कुणीच नाही

आता किंगकडे जाऊ, कारण फरक तिथे दिसतो.

'सालेम्स लॉट'मध्ये फादर कॅलहन नावाचा धर्मगुरू आहे. गावात पिशाच्च शिरलेलं. फादरच्या हातात क्रूस, आणि तो क्रूस खरोखर उजळतो, पिशाच्च मागे हटतं. मग पिशाच्च त्याला एक साधं आव्हान देतं. क्रूस टाक, नुसत्या श्रद्धेवर माझ्यासमोर उभा राहा. फादर कचरतो. आणि तो कचरल्याबरोबर हातातला क्रूस विझतो, नुसती वस्तू उरते. शक्ती क्रूसात नव्हतीच, धरणाऱ्यात होती. आणि धरणारा डळमळला.

समर्थांच्या जगात हा प्रसंग घडणं कठीण, कारण समर्थ डळमळणार नाहीत या बोलीवरच ते जग उभं आहे. किंगच्या जगात मोठी माणसं डळमळतात, धर्मगुरू पळतात, पोलिसांना दिसत नाही, आईबापांना बघायचं नसतं. 'इट'मध्ये तर हे टोकाला जातं. गावातली मुलं नाहीशी होतात आणि मोठ्यांनी नजर वळवलेली असते. उरतात सात मुलं, त्यांतला एक तोतरा, एक दम्याचा पंप घेऊन फिरणारा. त्यांनाच ते करावं लागतं. आणि सत्तावीस वर्षांनी, सगळं विसरून मोठे झाल्यावर, पुन्हा करावं लागतं.

धारपांनी आयुष्यातल्या एका टप्प्यावर हे साहित्य उचललं, यात मला त्यांची मोठी उडी दिसते. समर्थांसारखा हुकमी एक्का घडवलेल्या लेखकाने अशी गोष्ट निवडली की ज्यात तो एक्का चालवायला जागाच नाही.

निवडली ती कशी, हे नावात दिसतं. किंगच्या कादंबरीचं नाव 'इट', म्हणजे 'ते'. नावात बोट आहे राक्षसाकडे, आणि तेही नुसत्या सर्वनामाने. मराठीत कादंबरी 'ते' नावाने आणता आली असती, वाईट दिसलं नसतं. धारपांनी नाव दिलं 'शपथ'. बोट राक्षसावरून काढून मुलांवर ठेवलं. गोष्ट कुणाची, हे एका शब्दात बदललं.

आणि मराठीत शपथ ही काही हलकी गोष्ट नाही. लहानपणी आपल्या हातात दुसरी कुठलीच सत्ता नसते. पैसे नसतात, घड्याळ नसतं, गेटबाहेर जायची परवानगी नसते. शपथ तेवढी आपली. आईची शपथ, देवाची शपथ, गळ्याला चिमटा काढून घेतलेली शपथ. कुणी चुकून घातली तर 'शपथ सुटली' म्हणेपर्यंत जिवाला घोर. सज्ञान माणसाच्या करारावर स्टँप लागतो, मुलांच्या शपथेला काहीच लागत नाही, म्हणून ती जास्त बांधते. राक्षसासमोर उभं राहायला एवढंच सामान आहे: आपण एकमेकांना दिलेला शब्द.

'लुचाई'ची अडचण वेगळी होती आणि तिच्याकडे आमच्या वादात कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. पश्चिमेतलं रक्तपिपासू पिशाच्च उभं असतं ते कबर, शवपेटी आणि क्रूस या तिघांच्या आधारावर. मेलेला माणूस जमिनीखाली अख्खा आहे, म्हणून तो उठू शकतो. आपल्याकडे माणूस स्मशानात जळतो, तिसऱ्या दिवशी राख सावडतात, ती नदीत जाते. उठायला मागे उरतं काय? म्हणजे ही गोष्ट मराठी गावात आणायची तर नुसती नावं बदलून भागत नाही. एकेक खांब काढून तिथे दुसरा लावावा लागतो, आणि छत पडू द्यायचं नसतं. धारपांनी ते कसं पेललं हे इथे फोडत नाही, न वाचलेल्यांचा आनंद जाईल. वाचताना एवढंच करा, दर वेळी भीती वाटली की थांबून विचारा, ही भीती इथली आहे की तिथली? मला ती बहुतेक वेळा इथली वाटली.

तिसऱ्या पक्षाचं काय?

"मग मूळच वाच ना," तिसरा पक्ष म्हणतो. "झेरॉक्सला पहिला नंबर कशाला?"

या आक्षेपात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेत. एक श्रेयाचा, दुसरा गुणवत्तेचा. ते सोडवून घ्यायला हवेत.

श्रेयाच्या प्रश्नावर मी तिसऱ्या पक्षासोबत आहे. माझ्या धंद्यात दुसऱ्याचा मुक्त कोड घेऊन स्वतःचं काही बांधायला पूर्ण मुभा असते. अट बहुतेक वेळा एकच, मूळ माणसाचं नाव पुसायचं नाही. मराठीलाही ही शिस्त नवी नाही. आगरकरांचं 'विकारविलसित' शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वरून आलं, देवलांचं 'झुंझारराव' 'ऑथेल्लो'वरून, पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याने त्या नाटकांचं काही कमी झालेलं नाही. खुद्द किंगने सांगितलंय की 'सालेम्स लॉट' ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तून सुचली, शाळेत ती कादंबरी शिकवताना. 'इट'चं बीज पुलाखाली राहणाऱ्या राक्षसाच्या आणि तीन बोकडांच्या बालकथेत आहे, हेही तोच सांगतो. उसनवारी सांगितल्याने लेखक लहान होत नाही. तेव्हा 'लुचाई' आणि 'शपथ'च्या प्रत्येक आवृत्तीत, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत मूळ पुस्तकाचं नाव हवं. त्यात धारपांचा अपमान नाही. उलट वाचकाला दोन्ही शेजारी ठेवून धारपांनी काय बदललं ते पाहता येईल.

गुणवत्तेच्या प्रश्नावर मात्र मला तिसरा पक्ष पटत नाही, आणि त्याचा पुरावा आमच्या नागपूरपासून दोन-अडीच तासांवर आहे. नागझिऱ्याच्या जंगलात.

'तुंबाड'चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे सांगतो की १९९३मध्ये नागझिऱ्यात मित्राने त्याला धारपांची एक गोष्ट सांगितली आणि त्याची गाळण उडाली. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या जंगलावर अख्खं पुस्तक लिहिलं तेच हे नागझिरा. तिथल्या रात्रीत ती गोष्ट कशी ऐकू आली असेल हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सिनेमाच्या पूर्वार्धामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे. त्या 'आजी'मागे किंगची 'ग्रॅमा' आहे, १९८५च्या 'स्केलेटन क्रू' या संग्रहातली. घरात एकटा पोरगा आणि शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, भयंकर आजी. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं.

आता एक गंमत. 'तुंबाड'मध्ये आजीला झोपवायला ज्याचं नाव घ्यावं लागतं तो हस्तर. आणि किंगच्या 'ग्रॅमा'मध्ये आजीला पुन्हा आडवं करायला ज्याच्या नावाने हुकूम द्यायचा असतो तो हॅस्टर. हे नाव किंगचंही नाही. ते लव्हक्राफ्टकडे होतं. त्याच्या आधी १८९५च्या 'द किंग इन यलो'मध्ये रॉबर्ट चेंबर्सकडे होतं. त्याच्याही आधी अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत, आणि तिथे हा हॅस्टर कोण? मेंढपाळांचा देव! चांगला, दयाळू.

कोड कॉपी करताना जुन्या माणसाने दिलेलं एखादं नाव तसंच राहून जातं आणि त्यावरून फाइलचा सगळा इतिहास काढता येतो, तसं हे आहे. अमेरिकेतल्या मेंढपाळांचा देव सव्वाशे वर्षांत हात बदलत बदलत कोकणातल्या वाड्याच्या तळाशी येऊन बसला. वाटेत एक मुक्काम नागझिऱ्यातही झाला. यातला 'अस्सल' कोण? शोधून बघा. भयकथा अशीच जगते. शेकोटीभोवती ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगताना आपण गाव बदलतो, झाड बदलतो, 'माझ्या मामाच्या मित्राला' म्हणतो. विचारायचं ते हे की बदलताना सांगणाऱ्याने काही भर घातली का? 'तुंबाड'ने घातली. २०१८मध्ये थिएटरात बेताचाच चाललेला हा सिनेमा सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला, ती हॅस्टरमुळे नाही. दादीला चारायला लागणाऱ्या त्या पोराच्या भीतीमुळे, आणि सोन्याच्या नाण्यासमोर ती भीती विसरणाऱ्या माणसांमुळे.

तर मग पहिला नंबर

'मतकरी का नाहीत यादीत,' असं कुणी विचारेलच, तर रत्नाकर मतकरींचं भांडण वेगळं आहे. त्यांच्या 'खेकडा'सारख्या कथेत भीती दुसऱ्या दिशेने येत नाही, ती माणसाच्या आतच असते. त्यामुळे बाहेरून वाचवायला कुणी येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तो रविवार वेगळा.

धारपांपुरतं माझं मत 'शपथ'ला. दुसरा नंबर 'लुचाई'. तिसरा समर्थांचा, कुठलंही एक पुस्तक घ्या.

पण वाचायचा क्रम उलटा ठेवा. आधी समर्थ वाचा, दोन-तीन पुस्तकं सलग. त्यांची सवय लागू द्या. मग 'शपथ' हातात घ्या. कारण 'इट' आणि 'शपथ' यांच्यातला सगळ्यांत मोठा फरक पानांवर छापलेलाच नाही, तो वाचकाच्या डोक्यात आहे. किंगचा वाचक 'इट' उघडतो तेव्हा कुणाची वाट पाहत नाही. धारपांचा वाचक पाहतो. 'इट' १९८६ची, म्हणजे 'शपथ' त्यानंतरची. तोवर समर्थ मराठी घरांत रुळले होते. माझ्या आईसारख्या वाचकांना सवय होती की गोष्ट हाताबाहेर गेली की फाटकापाशी एक शांत माणूस उभा दिसतो. 'शपथ'मध्ये फाटक रिकामं राहतं. प्रकरणामागून प्रकरण जातं आणि कुणी येत नाही. किंगने ही रिकामी जागा लिहिलेली नाही, त्याला ती लिहिता आलीच नसती. ती धारपांनी आधीच्या सगळ्या पुस्तकांतून तयार केली आणि मग तशीच मोकळी सोडली. गोष्ट उसनी असेल, ही पोकळी पूर्णपणे त्यांची आहे.

मागच्या महिन्यात मी आईला 'शपथ' दिली. समर्थांचं पुस्तक नाही, हे मुद्दाम सांगितलं नाही. चार दिवसांत तिने संपवली. दुपारी वाचायची, जेवणं आटोपल्यावर, गॅलरीत बसून. मी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगलीये गं," ती म्हणाली. "पण रात्रपाळीच्या दिवसांत नसती वाचली मी."